साहेबांच्या झोपेचा पंचनामा

वजनमापं खात्यातल्या माणसाला संशय घेण्याबद्दल पगार मिळतो, आणि आमच्या निरीक्षकसाहेबांनी बत्तीस वर्षं तो इमानेइतबारे कमावला होता. भाजीवाल्याचा काटा असो, पेट्रोल पंपाचं मीटर असो की कापडवाल्याची मोजपट्टी, साहेब नुसते दुकानाच्या पायरीवर उभे राहिले की आतल्या माणसाला घाम फुटे, मग त्याचं माप बरोबर का असेना. घरातही तीच तऱ्हा. दुधाची पिशवी ते हातात घेऊन दोनदा वरखाली करत आणि मगच बायकोच्या हवाली करत. भिंतीवरचं घड्याळ रोज सकाळी रेडिओच्या ठोक्याशी ताडून पाहत. एकदा रेडिओच तीन सेकंद मागे आहे असं त्यांचं ठाम मत झालं आणि तसं पत्र त्यांनी रेडिओ केंद्राला धाडलं. उत्तर आलं नाही, यावरून त्यांनी काय ते ओळखलं.

अशा माणसाला चौकातल्या सिग्नलवर झोप लागावी हे कुणाला खरं वाटलं नसतं. पण लागली. भर दुपारी, खात्याची गाडी स्वतः चालवत असताना. दिवा हिरवा झाला, तांबडा झाला, परत हिरवा झाला. मागच्यांनी भोंगे वाजवून चौक डोक्यावर घेतला. शेवटी शेजारी बसलेल्या सहायकाने त्यांचा दंड धरून हलवलं, तेव्हा साहेब डोळे उघडून म्हणाले, "परवाना दाखवा."

सहायकाने हे सगळं मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं. काळजीपोटी घातलं, असं तो म्हणे. पण निरीक्षकसाहेबांचा त्याच्यावर दुसराच संशय होता. या सहायकाचा अठरा वर्षांपासून गाडीच्या किल्लीवर डोळा आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खात्याची प्रमाण वजनं, मखमलीच्या खोबणीत बसवलेली ती पितळी वजनं, त्याच गाडीतून गावोगाव जायची, आणि ती गाडी साहेबांनी अठरा वर्षांत दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नव्हती. खड्डा दिसला की ते असे हळू जात, की मागून येणाऱ्या सायकली पुढे निघून जात. वजनांना धक्का लागला तर खात्याच्या खरेपणालाच धक्का लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते मनापासून होतं. ती किल्ली गेली तर उरलेली दोन वर्षं नोकरी नुसती टेबलावर काढायची, या कल्पनेनेच ते खिशातली किल्ली चाचपून पाहत.

मोठ्या साहेबांनी झोपेची तपासणी करून घ्यायला सांगितलं. कारकुनाने फॉर्म दिला, तीन प्रतींत. त्यात दोनच चौकोन होते. पहिला: "सौम्य: वाहन चालवण्यास हरकत नाही." दुसरा: "मध्यम व त्यावरील: पुढील आदेशापर्यंत वाहन चालवू नये."

"आणि आजारच नसला तर?" साहेबांनी विचारलं.

"तसा चौकोन नाही," कारकून म्हणाला. "ज्यांना काही नसतं त्यांना आपण फॉर्म देत नाही."

झोपेच्या दवाखान्यात जायला निघाले तेव्हा समोरच्या दारातले विमावाले शेजारी जिन्यातच भेटले. या गृहस्थांना कुठल्याही माणसाच्या कुठल्याही दुखण्यात फॉर्म दिसत असे. ते हळूच म्हणाले, "साहेब, हा सगळा मुखवटे विकायचा धंदा आहे बघा. आधी आकडा फुगवून सांगतात, मग माणूस घाबरतो, मग झोपेत हवा पुरवणारं, नाकावर मुखवटा लावायचं यंत्र गळ्यात मारतात. माझ्या साडूला तीव्र सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय, यंत्र घेतलं त्याने. आता बरा आहे. पण धंदा तो धंदाच."

साहेबांच्या मनात शंकेची पाल आधीच चुकचुकत होती, आता तिने घरच केलं. दवाखान्यात ते रुग्ण म्हणून नव्हे, तर तपासणी पथक म्हणूनच शिरले. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावून सांगायला सुरुवात केली. रात्री श्वास अडत राहिला की झोप सारखी मोडते आणि मग दिवसा भलत्या वेळी डुलकी लागते. झोपेत श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला, की एक नोंद. श्वास पुरता थांबला नाही, पण बराच उथळ झाला आणि रक्तातला ऑक्सिजन उतरला, तरी एक नोंद. एकूण नोंदींना तासांनी भागायचं, म्हणजे ताशी आकडा मिळतो. पाचाच्या आत असेल तर ठीक. पाच ते पंधराच्या आत सौम्य. पंधरा ते तीसच्या आत मध्यम. तीस आणि त्यापुढे तीव्र.

साहेबांनी खिशातून डायरी काढली. "बरोबर पंधरा आले तर?"

"तर मध्यम."

"आणि नऊ सेकंद श्वास थांबला तर?"

"तो धरत नाहीत."

"म्हणजे नऊ सेकंदांपर्यंत माफ!" साहेबांनी अर्थपूर्ण मान हलवली. दुकानदारालाही थोडीफार सूट कायद्याने दिलेली असते, आणि सगळी लबाडी नेमकी त्या सुटीच्या काठावरच चालते, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

डॉक्टरीणबाईंनी एका डबीत ठेवलेलं यंत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं. छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. हे लावून घरीच एक रात्र झोपायचं. साहेबांनी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"पडताळणीचा शिक्का कुठाय?"

"कंपनीने तपासून दिलंय हो."

"कंपनी असंच म्हणते," साहेब म्हणाले. "सगळ्याच कंपन्या असंच म्हणतात."

सोबत भरायचा एक कागद होता. त्यातला सातवा रकाना होता, सोबत झोपणाऱ्या व्यक्तीचं निवेदन. साहेबांनी तिथे लिहिलं, "लागू नाही."

याला कारण होतं. गेले काही महिने साहेबांचा आपल्या बायकोवरच संशय होता. एक तर ती दिवसा पेंगायची. भाजी निवडता निवडता तिचे डोळे मिटत. रात्री मात्र साहेबांना झोपेत ढोसायची. छान गाढ झोप लागलेली असावी आणि बरगडीत कोपर बसावं, असं रोज चार-पाचदा. घोरण्याचा राग काढते, दुसरं काय, असं साहेब समजून चालले होते. पण खरी भानगड वहीची होती. तिच्याकडे एक निळी वही होती आणि साहेब खोलीत आले की ती उशीखाली जाई. सकाळी ती बहिणीला फोन करून दबक्या आवाजात सांगे, "काल अठ्ठावीस." कधी, "आज एकतीस गं." एकदा तर साहेबांनी दाराआडून स्वतःच्या कानांनी ऐकलं, "पस्तीस झाले. मला बाई भीतीच वाटायला लागलीय."

आकडे! भलत्या वेळी जागरण, लपवलेली वही, बहिणीशी संगनमत आणि शेवटी भीती. साहेबांनी दोन आणि दोन मिळवले. त्यांची बायको, जी त्यांच्या मते साधी सोंगटीही लबाडीने सरकवणारी नव्हती, ती आकडा लावत होती! आणि बहुतेक हरत होती. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याच्या घरात हा प्रकार, या विचाराने त्यांची मान खाली गेली. विचारायची मात्र सोय नव्हती. पुराव्याशिवाय आरोप करायचा नाही, हा त्यांचा नियम होता. ते योग्य वेळेची वाट पाहत मूग गिळून होते.

तर तपासणीची रात्र आली. झोपणं एवढंच काम होतं, पण मोजमाप चालू असताना निरीक्षकाने जातीने हजर राहिलं पाहिजे असा दंडक असल्यामुळे साहेबांची पंचाईत झाली. झोपावं तर यंत्र काय मोजतं हे बघणार कोण? आणि जागं राहावं तर यंत्राने मोजायचं काय? त्यांनी जमेल तेवढी दोन्ही कामं करायची ठरवली. उशाशी डायरी आणि पेन घेतलं आणि वरच्या ओळीत नीट अक्षरात लिहिलं, "पंचनामा."

सकाळी सहाला पट्टा सोडला तेव्हा साहेबांचे डोळे तांबारले होते, पण पंचनामा दोन पानं भरला होता. त्याच दुपारी अहवाल आला. एकूण नोंदी एकशे एकोणीस. वेळ आठ तास. ताशी आकडा चौदा पूर्णांक नऊ. वर्ग सौम्य.

खरं म्हणजे इथे गोष्ट संपायला हवी होती. किल्ली वाचली होती. विमावाले शेजारी दारातच म्हणाले, "अभिनंदन! आता तोंडातून ब्र काढू नका. कागद कारकुनाला द्या आणि मोकळे व्हा."

साहेब हसले नाहीत. चौदा पूर्णांक नऊ. पंधराच्या आत, पण जेमतेम. त्यांच्या डोळ्यांपुढे तो धान्यवाला उभा राहिला, ज्याचं माप वर्षानुवर्षं बरोबर सुटीच्या आत, पण काठाला चिकटून येई. साहेबांनी त्याला सहा वर्षांनी पकडला होता. शिवाय दुसरा प्रश्न. हा मुखवटे विकायचा धंदा असेल, तर आकडा जास्त यायला हवा. कमी कसा आला? ज्या दुकानदाराने आपणहून तराजू गिऱ्हाइकाच्या बाजूने झुकवला, त्याच्याकडे तर दुप्पट लक्ष द्यायला हवं.

"अहो, बरं आलंय ना सगळं? मग आता कसला विचार?" बायकोने विचारलं. तिच्या आवाजात आनंद नव्हता, हे साहेबांनी टिपलं. नवऱ्याचा अहवाल चांगला आला आणि बाईचं तोंड उतरलं. हेही त्यांनी मनातल्या यादीत घातलं.

"आकडा चुकलाय," साहेब म्हणाले. "माझ्या पंचनाम्याप्रमाणे तो आणखी कमी आहे. मी सिद्ध करणार."

"मी पण येते," ती म्हणाली. आणि पिशवी घेऊन निघाली.

दवाखान्यात साहेबांनी खुर्चीवर बसून घसा खाकरला. "तुमच्या एकशे एकोणीस नोंदींपैकी तीन खोट्या आहेत. यंत्र नीट मोजतं की नाही ते बघायला मी मुद्दाम तीनदा अकरा सेकंद श्वास रोखून धरला होता. आम्ही दुकानात नमुना खरेदी करतो, तसं. त्या तीन वजा करा. एकशे सोळा. भागिले आठ. साडेचौदा."

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचा आलेख पुढेमागे सरकवला. "बरोबर. तीन सारख्या जागा दिसताहेत. केल्या वजा." साहेब विजयी मुद्रेने बायकोकडे बघणार, एवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा तुम्ही जागे होतात?"

"अर्थात!"

"असं किती वेळ जागे होतात?"

"असेन तास-दीड तास."

बाईंच्या भुवया वर गेल्या. "साहेब, हे घरचं यंत्र श्वास मोजतं, झोप मोजत नाही. ते लावल्यापासून काढेपर्यंतचा सगळा वेळ ते झोपेतच धरतं. तुम्ही जागे असाल तर आठाने भागणं चूक आहे. साडेसहाने भागलं तर," त्यांनी कागदावर भागाकार केला, "सतरा पूर्णांक आठ. मध्यम."

साहेबांना किल्ली दिसली, सहायकाच्या बोटाभोवती गरगर फिरताना. जागं असल्याचा अंदाजच चुकला म्हणाले असते, तर अजूनही सुटले असते. पण त्यांच्यातला निरीक्षक त्यांच्यापेक्षा चपळ होता. भाजक चुकलेला! अख्खं मोजमाप चुकीच्या मापाने भागलेलं! अशी चोरी त्यांनी आजवर कुणालाही पचू दिली नव्हती.

"अंदाजे नको," ते ताठ बसून म्हणाले. "लेखी आहे माझ्याकडे." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सहीचा पंचनामा टेबलावर ठेवला.

डॉक्टरीणबाई मोठ्याने वाचू लागल्या. "दहा ते साडेअकरा, यंत्राच्या हिरव्या दिव्यावर पाळत. बारा चाळीस ते एक वीस, श्वास रोखून नमुना चाचणी. दोन दहा ते तीन, यंत्राचं घड्याळ व मनगटी घड्याळ यांची तुलना, फरक नाही, संशय कायम. पावणेपाच ते पावणेसहा, छताकडे पाहून विचार." त्यांनी बेरीज केली. "चार तास जागे. चार तास झोप. एकशे सोळा भागिले चार, एकोणतीस. साहेब, तुम्ही मध्यमाच्या पार टोकाला आहात. एक घर पुढे तीव्र."

"म्हणजे तीसच्या आत," साहेब कसेबसे म्हणाले.

"आत, पण जेमतेम." बाईंनी सातव्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे 'लागू नाही' लिहिलंय तुम्ही. मग या कोण?"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. तिने पिशवीत हात घातला आणि निळी वही बाहेर काढली.

इथे? दवाखान्यात? चारचौघांत आकड्यांची वही? ते तिचा हात धरणार, तोवर वही टेबलावर उघडलीसुद्धा. पान पान रेघांनी भरलेलं होतं. चार उभ्या, पाचवी आडवी. प्रत्येक पानावर तारीख, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ. रोज एक तास. अठ्ठावीस. एकतीस. पस्तीस. आणि शेजारी एक बारीक रकाना.

"चार महिने झाले," बायको डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "यांचा श्वास थांबतो. मग मी मोजते. दहाच्या पुढे गेला की रेघ मारते. चाळीसच्या पुढे गेला की," ती थांबली, "की हलवते."

त्या बारीक रकान्यात तेच लिहिलं होतं. "४१, हलवलं." "४४, हलवलं." "५२, दोनदा हलवलं." पानामागून पान.

"मला का नाही सांगितलंस?" साहेबांनी विचारलं.

"चारदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, तू मोजलेलं अप्रमाणित आहे, त्याला खात्यात किंमत नाही." ती साध्या आवाजात बोलत होती, रागाने नाही. "आणि तपासणीच्या रात्री तुम्ही साडेतीन ते तीन पन्नास जागे होतात, ते तुमच्या पंचनाम्यात नाहीच."

"शक्य नाही. सगळं लिहिलंय."

"नाही लिहिलंत. पेन पलंगाखाली गेलं होतं, तुम्ही ते शोधत होतात."

डॉक्टरीणबाईंनी ओठ घट्ट मिटून हसू आवरलं आणि पुन्हा भागाकार केला. तीन तास चाळीस मिनिटं. एकतीस पूर्णांक सहा. तीव्र. मग त्या गंभीर झाल्या. नुसता आकडा म्हणजे सगळा आजार नव्हे, ऑक्सिजन किती उतरतो तेही बघायचं असतं, आणि तो साहेबांचा बराच उतरलेला आहे. पक्कं ठरवायला प्रयोगशाळेत एक रात्र काढावी लागेल, तिथे डोक्याला तारा लावून झोपसुद्धा मोजतात. पण मुखवटा आत्तापासूनच लावलेला बरा, आणि गाडी चालवणं आजपासून बंद.

साहेब काही ऐकत होते, काही नाही. चार महिने. बरगडीतलं एकेक कोपर त्यांना आठवत होतं आणि त्यावर सकाळी चहाच्या वेळी आपण काय काय बोललो होतो तेही. त्यांना स्वतःची भीती वाटली नाही. लाज वाटली, फार वाटली. तरी सवय जाईना. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "सेकंद कशाने मोजलेस?"

"तुमच्या कपाटातल्या घड्याळाने. ते बटण दाबून चालू-बंद करायचं सेकंदांचं घड्याळ. ज्यावर तुम्ही दर वर्षी शिक्का मारता ना, ते."

साहेबांनी मान हलवली. वही स्वतःकडे ओढली, शेवटच्या पानावर खाली पेनाने लिहिलं, "तपासले. बरोबर आढळले." सही केली, तारीख घातली. मग सातव्या रकान्यातलं "लागू नाही" खोडून तिथे लिहिलं, "सोबतची वही पाहावी."

दुसऱ्या दिवशी फॉर्मच्या तिन्ही प्रतींत दुसऱ्या चौकोनात खूण करून साहेबांनी किल्ली टेबलावर ठेवली. सहायकाने ती उचलली नाही. तो पुटपुटला, "साहेब, मला खरंच नकोय ती. त्या दिवशी मी घाबरलो होतो, म्हणून सांगितलं." साहेबांनी त्याच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि त्यांना आढळलं की तो खरं बोलतोय. अठरा वर्षांच्या संशयाचं असं एका वाक्यात वाटोळं झालेलं त्यांना फारसं रुचलं नाही. आता ते शेजारी बसून जातात आणि प्रत्येक खड्ड्यापाशी "हळू!" म्हणून ओरडतात. विमावाल्यांनी जिन्यात एकदाच विचारलं, "म्हणजे शेवटी मुखवटा घेतलातच?" साहेब म्हणाले, "घेतला. पडताळणी करून घेतला."

मुखवट्याशी पहिल्या रात्री जी झटापट झाली ती सांगण्यासारखी नाही. पट्टा कानामागून जातो की कानावरून, यावर दोघांचे मतभेद झाले, माहितीपत्रक तिसरंच काही सांगत होतं. पण सकाळी साहेब उठले तेव्हा आठ वाजले होते आणि डोकं कुणी धुऊन पुसून ठेवल्यासारखं हलकं होतं. बरगडी दुखत नव्हती.

शेजारी बायको झोपली होती. आठ वाजता! साहेब दचकले. संशयाने त्यांनी आधी तिच्या नाकाशी कान नेला आणि मनगटावरचं घड्याळ समोर धरून पूर्ण पाच मिनिटं मोजलं. सगळे श्वास वेळेवर येत होते, एकही रेंगाळला नाही. मग त्यांना तिच्या हाताखाली दबलेली निळी वही दिसली. त्यांनी ती हळूच काढली आणि उघडली.

कालची तारीख होती. सुरुवातीची वेळ होती, अकरा वाजून पाच मिनिटं. पुढे एकही रेघ नव्हती. फक्त पेन जिथे टेकलं होतं तिथून शाईचा एक लांब ओघळ वेडावाकडा खाली घसरत पानाच्या कडेपर्यंत गेला होता. लिहिता लिहिताच तिला झोप लागली होती.

शेवटची वेळ नाही, बेरीज नाही, शेरा नाही. अपुरी नोंद. असल्या वहीबद्दल साहेबांनी भल्याभल्यांना नोटिसा बजावल्या होत्या. त्यांनी तो ओघळ परत एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला, वही मिटली, आवाज न करता उशीखाली सरकवली आणि पडदा ओढून घेतला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पहिल्यांदाच एका गुन्ह्याकडे काणाडोळा केला.